वरच्याला दिलेला आशीर्वाद

चोन-बुलाक, १९ ऑक्टोबर १९९८

लिडाताई,

तुम्ही शिकवलंत तसं केलं, आणि मोठी चूक करून बसले. हे पत्र चुलीपाशी बसून लिहिते आहे, म्हणजे कोणी आलंच तर पटकन आत सारता येईल.

काल रविवार. आमचे हे (तुम्ही त्यांना सरळ तुरार म्हणता, मला पंचवीस वर्षांनंतरही नाव घेता येत नाही) बाजाराला गेले होते. सासरे पुढच्या खोलीत उन्हाला बसून डुलक्या घेत होते. शेजारची जिपार आणि आणखी दोघी लोकर पिंजायच्या निमित्तानं माझ्या स्वयंपाकघरात आल्या. लोकर खरीच होती, मांडीवर घेऊन बसलो. दार लोटलं, भाकर मध्ये ठेवली. तुम्ही सांगितलं होतंत, भाकर मोडायच्या आधी प्रत्येकीनं पाळीपाळीनं देवाला आशीर्वाद द्यायचा. आमच्या मुसलमान गावात हे पहिल्यांदाच होत होतं.

जिपार म्हणाली, "तू दे बाई आधी. भाकर तुझ्या घरची."

ताई, आशीर्वाद द्यायची आमची रीत एकच. थोरला माणूस तळवे उघडतो आणि बोलतो, धाकटे ओमीन म्हणून हात तोंडावरून फिरवतात. मी जन्मभर तो घेत आले, दिला कधीच नाही. घरात सासरे असताना माझी काय बिशाद! तरी मी तळवे उघडले. मग तोंडातून तेच आलं, जे सासरे लोकांकडे जेवून उठताना म्हणतात, "तुझी चूल विझू नये. तुझी गुरं वाढोत. तुझा मुलगा बाहेर आहे, तो सुखरूप तुझ्या उंबऱ्याशी परत येवो."

जिपार फिसकन हसली. "अगं, देवाची कुठली गुरं?" मग आमच्या लक्षात आलं की आपण काय केलं, आणि चौघींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांच्या पाळ्या तशाच राहिल्या. भाकर घाईघाईनं खाल्ली.

आशीर्वाद वरून खाली येतो. मी तो खालून वर फेकला. सुनेनं सासऱ्याच्या डोक्यावर हात ठेवावा तसा प्रकार झाला. देवाला राग आला असेल का? खरं सांगा, मला बरं वाटावं म्हणून सांगू नका.

माझा लेक उलार शनिवारी खिंडीपलीकडे घोडे आणायला गेला आहे, बुधवारी येईल. त्याला यातलं काही ठाऊक नाही. तेवीस वर्षांचा बाप्या झाला तरी पोटात काही राहत नाही त्याच्या.

मिनीबसवाल्या जुमाकडे पत्र देते. उत्तर त्याच्याचकडे द्या.

तुमची,
गुल्सुन


२२ ऑक्टोबर

प्रिय गुल्सुन,

तुझं पत्र वाचून मी हसले, डोळे पुसले आणि पुन्हा हसले. देवाची गुरं वाढोत म्हणणारी तू पहिलीच असशील. रविवारच्या प्रार्थनेला जमणाऱ्या आमच्या मंडळींना वाचून दाखवलं. म्हातारे पीटरभाऊ म्हणाले, "साठ वर्षं आपण तेच ते शब्द घासतोय, आणि ही पोरगी पहिल्या दिवशी त्याला गुरं देऊन मोकळी झाली!"

घाबरू नकोस. त्याला काही कमी आहे म्हणून आपण देत नाही. साखर कारखान्याच्या कँटीनमधला तो म्हातारा फिटर आठवतो? रिकामी ताटली देताना रोज म्हणायचा, "खूप जग, पोरी." त्यानं तुझं आयुष्य दोन दिवसांनीही वाढलं नसेल. पण आठवडाभर तो दिसला नाही, तेव्हा तूच सगळ्यांना विचारत फिरलीस. देवाला आशीर्वाद देणं तसंच. त्यानं वाढलेलं जेवून आपण मुकाट्यानं उठून जायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मुलाचे शब्द मात्र बदल. त्याच्या मुलाला लोकांनी मारलं, तिसऱ्या दिवशी तो उठला आणि बापाकडे गेला. तो घरी पोचलेला आहे, त्याच्या परतीची काळजी तुला नको.

उलार एव्हाना आला असेल. त्याला म्हणावं, लिडामावशीला विसरलास की काय.

लिडा


चोन-बुलाक, २५ ऑक्टोबर

लिडाताई,

उलार आला नाही.

मंगळवारी दुपारीच खिंडीवर ढग उतरले. बुधवारी सकाळी दार उघडेना इतका बर्फ. हे तीन माणसं घेऊन निघाले होते, पहिल्या वळणावरूनच परत यावं लागलं, घोडे छातीपर्यंत रुतत होते. वारा थांबेपर्यंत कोणी वर जाऊ शकत नाही म्हणतात. वारा थांबत नाही. मी दर थोड्या वेळानं अंगणात जाते आणि उगाच फाटक उघडून ठेवते.

आता ऐका, आणि या वेळी हसू नका. मी गेल्या रविवारी काय म्हणाले? "तुझा मुलगा सुखरूप तुझ्या उंबऱ्याशी परत येवो." कोणाला म्हणाले? तुम्हीच लिहिता, त्याचा मुलगा कधीचाच घरी पोचला आहे. बाहेर होता तो माझा! माझ्या तोंडात परतीचा एक आशीर्वाद होता, तो मी दुसऱ्याच्या दारात ठेवून आले, आणि ज्याला दिला त्याला त्याची गरजही नव्हती. माझ्या पोराला मी निघताना साधं जपून जा म्हटलं नाही. मोजे विसरू नको, एवढंच म्हणाले.

दिलेला आशीर्वाद परत घेता येत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पण तुमच्याकडे काही रीत असेल. परत घ्यायचे शब्द असतील तर लिहून पाठवा. उपास करायचा असेल तर करते.

काल सासऱ्यांना चहा देताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, धाकट्यानं थोरल्याला आशीर्वाद दिला तर?"

"कोण घेईल तो?" म्हणाले. "ज्याच्याकडे असतो तो देतो." आणि वाटी खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले.

आज रविवार होता. जिपार आली नाही. कोणीच आलं नाही.

गुल्सुन


२७ ऑक्टोबर

प्रिय गुल्सुन,

धीर सोडू नकोस. परत घ्यायचे शब्द नाहीत, आणि असते तरी मी दिले नसते. देव सौदा करत नाही. तू त्याला आशीर्वाद देत राहा, रोज दे, संकटात तर अधिकच दे. हीच श्रद्धेची परीक्षा असते. आमची सगळी मंडळी उलारसाठी प्रार्थना करत आहेत. जुमाबरोबर लोकरीचे मोजे आणि थोडं औषध पाठवते.

सगळं ठीक होईल.

लिडा


चोन-बुलाक, २९ ऑक्टोबर

लिडाताई,

तुमचं पत्र मिळालं. इतकं गुळगुळीत पत्र तुम्ही मला कधी लिहिलं नव्हतं. अकरा वर्षं कँटीनमध्ये एका चुलीवर रांधलं आपण, तुम्ही घाबरलात की मीठ दोनदा घालता हे मला माहीत आहे. तुम्ही घाबरला आहात.

काल उलारचा घोडा आला, एकटा. खोगीर पोटाखाली फिरलेलं, लगाम तुटलेला. यांनी घोड्याची मान धरली आणि तिथेच बर्फात बसले. बायका जमल्या. जिपारही आली, आणि भीतीनं म्हणा, रडता रडता म्हणा, तिनं सगळं सांगून टाकलं. लोकर, भाकर, उघडे तळवे, माझे शब्द, सगळं. मला तिचा राग नाही. तिलाही लेकरं आहेत.

हे उठले. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. सगळ्यांसमोर हळू आवाजात म्हणाले, "माझा मुलगा गेला असेल तर तुझ्या तोंडानं गेला."

मीही रोज तेच म्हणते आहे.

सासऱ्यांनी उद्या सकाळी मला पुढच्या खोलीत बोलावलंय. भाऊबंदांनाही बोलावलंय. काय होणार ठाऊक नाही. घराबाहेर काढलं तर जाऊ कुठे?

एकच विचारते. तुम्ही लिहिता, संकटात अधिक दे. एर्नाच्या मातीला मी आले होते. गर्दी होती, मी पार मागे फाटकाशी होते. तुमच्या एकोणीस वर्षांच्या लेकीवर माती पडत होती आणि तुम्ही ताठ उभ्या होतात, तुमचे ओठ हलत होते. मी शेजारच्या बाईला विचारलं, काय म्हणताहेत? ती म्हणाली, देवाला आशीर्वाद देताहेत. त्या दिवशी मी ठरवलं, मला हा देव हवा. बाकी मला तुमचं काहीच कळत नव्हतं.

ते कसं केलंत, ते सांगा. मला आता तेवढंच हवंय.

गुल्सुन


३१ ऑक्टोबर

गुल्सुन,

तीन कागद फाडले. हा चौथा.

मी काहीच म्हणत नव्हते. शब्द पीटरभाऊंचे होते, ते माझ्या मागे उभे होते. मी नुसते ओठ हलवत होते. सगळे बघत होते म्हणून. आमच्यात अशा वेळी आईनं गप्प राहणं बरं दिसत नाही.

आणि त्या दिवशीच नाही. चार वर्षं झाली. रविवारी माझी पाळी येते, मी मान खाली घालते, ओठ हलवते, आणि म्हातारीचा आवाज बसलाय असं समजून लोक आमेन म्हणतात. मुलगा जर्मनीला बोलावतो, तिथेही जात नाही. वाटतं, नव्या मंडळीत कोणीतरी जवळ बसेल आणि ऐकेल की आवाजच नाही.

मला भीती वाटते, गुल्सुन. देवाची नाही. तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याची. आशीर्वादाच्या जागी दुसरंच काही निघालं तर? म्हणून मी दार बंद ठेवलं, आणि त्या बंद दाराबाहेर उभी राहून तुला शिकवत बसले. तुझी गुरं आणि चूल मी मंडळीसमोर हसत वाचली, पण घरी येऊन ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. चार वर्षांत कोणी त्याच्याशी इतकं सरळ बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

तुझ्या आशीर्वादानं उलारला काही झालेलं नाही, हे मला पक्कं माहीत आहे. यापलीकडे मला काही माहीत नाही. घराबाहेर काढलं तर जुमाच्या गाडीत बसून सरळ माझ्याकडे ये. एर्नाची खोली रिकामी आहे.

मला शिव्या द्यायच्या असतील तर दे, पण लिही.

लिडा


जिल्ह्याचा दवाखाना, ४ नोव्हेंबर

लिडाताई,

उलार जिवंत आहे. हे आधी लिहिते.

रविवारी वारा पडला. हे आणि दोन शिकारी वर गेले. खिंडीपलीकडे मेंढपाळांची दगडी झोपडी आहे, तिथे सापडला. ओढ्यात घोडा घसरला, हा पडला, बूट भिजले. कसाबसा झोपडीत पोचला आणि उन्हाळ्यातलं उरलेलं जवाचं पीठ खात बारा दिवस पडून होता. जिवाचा धोका टळला म्हणतात. पण दोन्ही पाय गारठून काळे पडलेत. डॉक्टरीणबाई शुक्रवारी कापणार. बोटंच जातील, की घोट्यापर्यंत, की त्याच्याही वर, ते तेव्हाच कळेल म्हणते. तो मला म्हणतो, "आई, घोड्यावर बसता येईल ना?" मी म्हणते, झोप.

आता शुक्रवारचं ऐका, तो सापडायच्या आधीचं.

पुढच्या खोलीत पंधरा-वीस माणसं भिंतीला टेकून बसलेली. सासरे मध्ये, पांढरी टोपी घालून. मी दाराशी उभी.

"काय म्हणालीस ते म्हणून दाखव," म्हणाले.

"बाबा, तुमच्यासमोर कशी म्हणू?"

"त्याच्यासमोर म्हणालीस ना? मी काय त्याच्याहून मोठा?"

मी म्हटलं. चूल, गुरं, मुलगा. शेवटपर्यंत म्हटलं.

"आणि आला का त्याचा मुलगा?"

"लोकांनी मारला त्याला, बाबा. मग तिसऱ्या दिवशी तो उठला आणि..."

"ते मला पटत नाही," त्यांनी हात वर केला. "त्याला मूलबाळ नाही, असंच मी लहानपणापासून ऐकलंय आणि तेच ऐकत मरेन. ते तुझं तू बघ. पण मला एक सांगा रे सगळे. या गावातून पोरं सैन्यात गेली, शहरात गेली, एकेकाला मी तळवे उघडून पाठवलं. माझ्या तुरारच्या आधी परक्यांच्या पोरांना दिलं. म्हणून तुरारच्या वाटचं संपलं का? आशीर्वाद म्हणजे काय पिठाचं पोतं आहे?"

मग यांच्याकडे वळले. "आणि तू रे गाढवा, बर्फ हिच्या तोंडानं पडला होय? मग सांग तिला, ऊनही पाड म्हणावं. बघू पडतं का."

कोणीतरी हसलं. यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मला वाटलं संपलं, जावं. तर म्हणाले, "थांब. त्या दिवशी तू विचारलंस आणि मी घाईनं बोललो. कोण घेईल म्हणालो. सहा दिवस त्याचाच विचार करतोय. आई गेल्यापासून मला कोणी आशीर्वाद दिलेला नाही. सगळे घ्यायला येतात. चौऱ्याऐंशीचा झालो. त्याच्याकडे तर काय, सारं जग हात पसरून उभं. तू एक वेडी, द्यायला गेलीस." आणि ताई, त्यांनी टोपी सारखी केली, माझ्यासमोर मान खाली घातली आणि म्हणाले, "मला दे."

भाऊबंदांच्या देखत! मी तळवे उघडले. "बाबा, तुमच्या गुडघ्यांत बळ राहो. तुमचा नातू..." पुढे शब्दच फुटेना.

"पुढचं मी समजून घेतलं," म्हणाले, ओमीन म्हणाले, आणि तोंडावरून हात फिरवला. मग लहान मुलासारखे रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. सासू गेल्या तेव्हाही नाही.

तुमचं पत्र मला रविवारी मिळालं, उलारला खाली आणत होते तेव्हा. इथे येऊन वाचलं. राग आला, खूप आला. मी चार वर्षं तुमच्या ओठांवर जगले, आणि त्यांत काहीच नव्हतं! गावभराची भीती पोटात घेऊन मी कशासाठी बसले? पत्र चुरगाळून खिशात कोंबलं.

मग उलारला औषधाची झोप लागली आणि मी जिन्यात जाऊन उभी राहिले. म्हटलं, बघू तरी. तो सापडला म्हणून देणं सोपं होतं, ते मला नको होतं. पाय राहिले तर देईन, असंही म्हणायचं नव्हतं. तळवे उघडले आणि काही सुचेना. खूप भीती वाटत होती. तेवढंच सांगितलं त्याला. म्हटलं, "मी घाबरले आहे. तुझं भलं होवो." खालून एक सफाईवाली बादली घेऊन वर येत होती. तिला वाटलं मी तिलाच म्हणाले. म्हणाली, "तुमचंही होवो, ताई."

तर आता माझं ऐका. येत्या रविवारी तुमची पाळी आली की ओठ हलवू नका. खोटं नको. गप्प बसा. लोक बघू देत. अकरा वाजता मी इथे जिन्यात उभी राहीन आणि तुमच्या वाटचं मी म्हणेन. मी तुमच्याहून लहान आहे, पण आमच्या घरात आता ते चालतं.

गुल्सुन


८ नोव्हेंबर, रविवार, दुपार

गुल्सुन,

तुझं पत्र काल मिळालं. शुक्रवारी काय झालं ते अजून कळलेलं नाही. इथून दवाखान्यात फोन लावून पाहिला, लागला नाही.

अकरा वाजता माझी पाळी आली. तू म्हणालीस तशी गप्प बसले, ओठ घट्ट मिटून. सगळे थांबले. इतका वेळ थांबले की पीटरभाऊंनी माझ्या वतीनं म्हणायला श्वास घेतला. तेवढ्यात मनात आलं, ही बाई तिकडे जिन्यात उभी आहे. तिच्या पोराचे पाय राहिले की गेले मला ठाऊक नाही, आणि ती माझ्या वाटचं म्हणते आहे. मला फार लाज वाटली.

मी उठून उभी राहिले. आमच्यात बोटं गुंफून मान खाली घालतात, तेही केलं नाही. तुमच्यासारखे तळवे उघडले. शेजारच्या बाईनं माझं कोपर धरलं. मला वाटायचं, तोंड उघडलं तर शिव्या निघतील. एक निघालीही. ती मी इथे लिहीत नाही, पण ती सगळ्यांनी ऐकली आणि छत काही कोसळलं नाही. मग बराच वेळ रडू. मग म्हणाले, "एर्ना तुझ्याकडे आहे. तिचे केस ओले ठेवू नकोस, तिला लगेच सर्दी होते. तुझं भलं होवो."

कोणी आमेन म्हणालं नाही. पीटरभाऊ सोडून. तेही फार उशिरा.

उलारचं काय झालं ते लिही. काहीही असलं तरी लिही, लपवू नकोस. जुमा मंगळवारी येतो, मी सकाळपासून थांब्यावर उभी राहते.

लिडा